सनसेट सोडा, धक्क्यावर थांबा: बेटावरच्या रोजच्या जगण्याचे ब्लॅक अँड व्हाईट फोटो कसे काढायचे

बेटावर जाऊन आलेल्या कुणाच्याही फोनमधले फोटो बघा, निम्मे तरी सूर्यास्ताचे निघतात. त्यातलाच एक घ्या आणि रंग काढून टाका. काय उरलं? खाली एक करडा पट्टा, वर एक करडा पट्टा, मध्ये एक पांढरा ठिपका. म्हणजे त्या फोटोत जे काही होतं ते सगळं केशरी रंगात होतं आणि तोच आपण काढून टाकला. मी स्वतः पहिल्या दोन ट्रिपा अशाच घालवल्यात, पहाटे अलार्म लावून उठायचं, संध्याकाळी धापा टाकत टेकडीवर चढायचं आणि मधल्या आठ-नऊ तासात, म्हणजे जेव्हा बेटावर खरी कामं चालू असतात तेव्हा, रूमवर पंख्याखाली लोळायचं. दुपारचा उजेड वाईट असतो असं कुठेतरी वाचलेलं ना.

हे सगळं लिहितोय ते त्या मधल्या तासांसाठी. बोटीतून उतरणारं सामान, जाळं शिवत बसलेली माणसं, ओहोटीला चिखलात वाकून काहीतरी गोळा करणाऱ्या बायका, शाळेला निघालेली पोरं, दुरुस्तीसाठी उलटी घातलेली होडी. यातलं काहीच सूर्यास्ताची वाट बघत नाही.

माझाच एक फोटो उदाहरण म्हणून शेवटपर्यंत धरून ठेवतो. एक छोटं बेट, दुपारी साडेबाराची बोट, चार माणसं त्या बोटीतून एक पांढरा फ्रीज धक्क्यावर उतरवतायत. एकूण आठ फ्रेम मिळाल्या, त्यातल्या सात वाया गेल्या, का गेल्या ते जिथल्या तिथे सांगतो.

जायच्या आधी: दोन वेळापत्रकं

पहिलं बोटीचं. बोट लागली की धक्क्यावर अर्धा तास जत्रा असते आणि ती गेली की दोन-तीन तास तिथे काळं कुत्रंसुद्धा नसतं. त्यामुळे पहिली बोट, सामानाची बोट, शेवटची बोट, या वेळा आधी कागदावर लिहा. हवामान बिघडलं की बोट रद्द होते, तेव्हा परतीच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि खरं सांगायचं तर बोट रद्द झालेल्या दिवशी धक्क्यावर ताटकळलेल्या माणसांचे जे फोटो मिळतात ते दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाहीत.

दुसरं भरती-ओहोटीचं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज ओहोटी सकाळी ७ ला असेल तर आठवड्याने ती दुपारी १ च्या आसपास जाते. हे का महत्त्वाचं? कारण होड्या कधी निघणार, कधी परतणार, चिखल कधी उघडा पडणार, हे सगळं त्यावर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खूप आत जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. मला विचारलं तर उधाणाचे दिवस धरून जा, ओहोटीला इतका मोठा ओला चिखल उघडा पडतो की आभाळ अक्षरशः जमिनीवर उतरल्यासारखं दिसतं आणि त्यावरून चालणारी माणसं काळ्या आकृत्या होतात. सगळीकडे हे चालत नाही हां, भूमध्य समुद्रात वगैरे भरती-ओहोटीचा फरक अगदीच किरकोळ असतो, तिथे बोटीचं वेळापत्रक पुरेसं आहे.

आणि किती दिवस जायचं? पॉल स्ट्रँड हा अमेरिकन फोटोग्राफर १९५४ साली स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीजमधल्या साउथ युइस्ट बेटावर गेला तो तीन महिने तिथेच राहिला. क्रिस किलिप हा फोटोग्राफर तर ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटाचाच, १९४६ चा जन्म, लंडनमधलं जाहिरातीच्या फोटोंचं काम सोडून परत बेटावर आला, रात्री वडिलांच्या पबमध्ये काम आणि दिवसा शेतकऱ्यांचे, कोळ्यांचे फोटो. आपल्याला तीन महिने कोण सुट्टी देणार, पण चार दिवसात तीन बेटं करण्यापेक्षा एकच बेट चार दिवस करा एवढं तरी हातात आहे.

बॅगेत काय

कमी. एक बॉडी, एक लेन्स २८ किंवा ३५ एमएमची, वाटलं तर एक ८५ ची. झूमला माझा विरोध नाही, पण बोटीवर उभं राहून लेन्स बदलायची वेळ येऊ नये एवढं बघा, कारण हवेत मिठाचे तुषार असतात आणि ते सेन्सरवर बसले की कटकट. फोनवर काढणार असाल तरी पुढचं जवळजवळ सगळं लागू आहे, फक्त रॉ फाईल (म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाईल) देणारं कॅमेरा अॅप हवं. जादा बॅटऱ्या हव्यातच, छोट्या बेटांवर वीज दिवसभर असेलच असं नाही.

पोलरायझर घ्या, म्हणजे चकाकी कापणारा, लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर. बाकी बहुतेक फिल्टरचं काम नंतर कॉम्प्युटरवर होतं, पण पाण्यावरची, ओल्या दगडावरची किंवा घामेजल्या कपाळावरची चकाकी एकदा फोटोत आली की नंतर कुठलाही स्लायडर ती नीट काढू शकत नाही. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), सूर्याशी काटकोनात जास्त चालतो आणि खूप वाईड लेन्सवर आभाळात मध्येच गडद डाग पाडतो, तेवढं सांभाळा. लाल-पिवळे फिल्टर फक्त फिल्मवाल्यांनी घ्यायचे: पिवळ्याला साधारण १ स्टॉप, केशरीला २, लालला ३ स्टॉप जादा एक्सपोजर. डिजिटल कॅमेऱ्यावर लाल फिल्टर लावायचा उद्योग करू नका, साध्या रंगीत सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल असतो, दोन हिरवे आणि एक निळा, म्हणजे लाल फिल्टर लावून तुम्ही स्वतःच्या हाताने तीन चतुर्थांश सेन्सर जवळजवळ आंधळा करताय.

आता मिठाबद्दल, कारण यात मी हात पोळून घेतलेत. एका सकाळी मी उघड्या होडीतून दोन तास फिरलो, स्क्रीनवर सगळे फोटो जरा धुरकट, मऊ दिसत होते आणि मी खूश, म्हटलं काय मूड आलाय. संध्याकाळी लेन्स उजेडात धरली तर पुढच्या काचेवर मिठाचा अख्खा थर. तो मूड म्हणजे मीठ होतं! आणि वर मी ते शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसलं, मिठाचे कण काचेवर घासले गेले आणि दोन बारीक ओरखडे कायमचे आले. तर नियम असा, आधी ब्लोअरने हवा मारायची, मग किंचित ओलसर कापड नुसतं टेकवून मीठ विरघळवायचं, मग कोरड्या मायक्रोफायबरने हलकं पुसायचं. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा, ओरखडा पडला तर त्याच्यावर पडू दे. ट्रायपॉड असेल तर रात्री त्याचे पाय गोड्या पाण्याने धुवा. आणि एसी खोलीतून दमट हवेत बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर आतून-बाहेरून वाफ धरते आणि पहिली बोट हुकते.

पहिला दिवस: कॅमेरा बॅगेतच

छोट्या बेटावर तुम्ही उतरल्यापासून अर्ध्या तासात सगळ्यांना माहीत होतं की कॅमेरावालं कुणीतरी आलंय. शहरातल्या रस्त्यावर फोटो काढून गर्दीत गायब होता येतं, इथे कुठे जाणार, तेच चार चेहरे संध्याकाळी परत दिसणार. म्हणून पहिल्या दिवशी निदान अर्धा दिवस नुसतं फिरा, बसा, विचारा बोट कधी, जाळी कुठे वाळत घालता, होडी कोण दुरुस्त करतं. या गप्पांमधूनच कळतं की उद्या सकाळी कुणाची तरी होडी पाण्यात ढकलणार आहेत, पंधरा-वीस माणसं लागणार आहेत. अशी खबर गुगलवर मिळत नसते.

फिरताना उजेडाची नोंद करा. कुठली भिंत कधी उन्हात येते, कुठल्या दारात सावली असते, धक्क्याचं तोंड कुठे, दुपारी माणसं बोटीतून उतरताना सूर्य त्यांच्या पाठीशी असतो की समोर. मी छोट्या वहीत एक वेडावाकडा नकाशा काढतो आणि त्यावर बाण मारतो, सकाळ, दुपार, संध्याकाळ. लोकांना वाटतं जमीन घ्यायला आलाय.

कॅमेऱ्याचं सेटिंग

रॉ चालू करा आणि सोबत पिक्चर स्टाईल मोनोक्रोम करा. याने स्क्रीनवर आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं ब्लॅक अँड व्हाईट दिसतं, पण रॉ फाईलमध्ये रंग शाबूत राहतात. हे रंग पुढे दोनदा कामाला येणार आहेत, म्हणून नुसतं ब्लॅक अँड व्हाईट जेपीईजी काढायची चूक करू नका. एक छुपी गोम मात्र आहे, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, रॉचा नसून स्क्रीनवर दिसणाऱ्या ब्लॅक अँड व्हाईट जेपीईजीचा असतो, तो ठीक दिसत असताना एखादा रंग, विशेषतः भडक लाल शर्ट, आत जळालेला असू शकतो. अर्धा स्टॉप हात राखून एक्सपोज करा.

दुपारच्या उन्हासाठी जुना सनी सिक्स्टीनचा नियम आजही मस्त चालतो: एफ १६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. (एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा मोठा तर भोक लहान; शटर म्हणजे किती सेकंद उजेड आत येतो; आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील.) म्हणजे आयएसओ २०० ला एफ १६ आणि १/२००, तेच एफ ८ ला १/८००. पांढरी वाळू आणि पाण्याची चकाकी असेल तर आणखी एक स्टॉप कमी. हे मॅन्युअलवर लावून विसरून जा, कारण भर दुपारी ढग नसतील तर उजेड तासभर तरी बदलत नाही. ऑटोवर ठेवलं की काय होतं ते मला फ्रीजने शिकवलं: कॅमेऱ्याचं मीटर समोर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं समजून चालतं, त्यामुळे पांढरा फ्रीज फ्रेममध्ये मोठा आला की सगळा फोटो अंधारा, फ्रीज जरा सरकून गडद निळी बोट मोठी आली की सगळं पांढरंफटक. आठातल्या तीन फ्रेम याच्यात गेल्या. ऑटोवरच काढायचं असेल तर पांढरं जास्त तेव्हा प्लस १ च्या आसपास, काळं जास्त तेव्हा मायनस.

फोकस पण आधीच लावून ठेवा. फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २८ एमएम लेन्स, एफ ८, फोकस सव्वातीन मीटरवर, म्हणजे साधारण दीड-पावणेदोन मीटरपासून ते क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतपत शार्प. ३५ एमएम असेल तर एफ ११ आणि पावणेचार मीटर, सुमारे दोन मीटरपासून पुढे. धक्क्यावर माणसं, दोर, पोती सगळं एकमेकांच्या मध्ये येत असतं आणि ऑटोफोकस नेमका पुढच्या दोराला चिकटतो. आणखी एक फ्रेम तिथे गेली, दोर एकदम कडक शार्प, दोराचा पीळन् पीळ मोजून घ्या, मागे चार धूसर भुतं कसलीतरी पांढरी पेटी उचलतायत.

चालत्या बोटीवरून काढताना १/५०० च्या खाली जाऊ नका आणि कठड्याला टेकू नका, इंजिनची थरथर कठड्यातून थेट हातात येते, त्यापेक्षा गुडघे जरा वाकवून मोकळं उभं राहा. जाळं फेकणारा माणूस हवा असेल तर १/१००० आणि बर्स्ट (एकामागून एक धडाधड फोटो), जाळं पूर्ण उघडलेलं असतं तो क्षण डोळ्याला दिसेपर्यंत गेलेला असतो. उलट करून बघायचं असेल तर १/४ सेकंदाने धक्क्यावर थांबलेली माणसं स्थिर आणि पाणी, होड्या हललेल्या असं छान येतं. मिनिटभर शटर उघडं ठेवून समुद्राचं दूध करायची जी फॅशन आहे ती मला मनापासून आवडत नाही, त्यात सगळ्यात आधी माणसं पुसली जातात.

दुपारचा उजेड वापरायचा कसा

दुपारी सूर्य डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली मिशीसारखी सावली, हे सगळं खरं. पण बेटावर एक गोष्ट फुकट मिळते, खालून येणारा उजेड. वाळू आणि पाणी दोन्ही उजेड परत वर फेकतात, त्यामुळे टोपीखालचा चेहरा, हनुवटीखालचा भाग इतका काळा पडत नाही जितका डांबरी रस्त्यावर पडेल. माणूस पाण्याकडे किंवा उन्हातल्या वाळूकडे तोंड करून उभा असेल तर बघा, डोळ्यांत खालच्या बाजूला एक बारीक चमक दिसते.

यापेक्षाही भारी जागा म्हणजे उघडं दार. माणूस दारात, सावलीत बसलेला, समोर उन्हात तापलेलं पांढरं अंगण किंवा वाळू, पाठीमागे घराचा काळोख. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो मी असाच काढला, चेहरा नाही, फक्त हात. डाव्या हाताच्या अंगठ्याला दोरा गुंडाळलेला, उजव्या हातात जाळं विणायची चपटी सुई, नखांच्या कडा मिठाने पांढऱ्या झालेल्या, आणि पाठीमागे काळोख इतका गच्च की पांढरा दोरा काढलेल्या रेघेसारखा दिसतो. तो उजेड दुपारी दीडचा आहे.

रंग नसताना बाई, भिंत, होडी एकमेकांपासून वेगळी कशाने दिसणार तर फक्त फिक्या-गडद फरकाने, नाहीतर पोताने. पोतासाठी तिरका उजेड लागतो आणि इथे सकाळ-संध्याकाळ खरोखर कामाची आहे, लाकडाच्या भेगा, वाळूतल्या लाटांच्या रेघा, खवले निघालेला रंग, हे सूर्य खाली असतानाच उठून दिसतं. ढगाळ दिवशी चेहरे काढा, आभाळ फ्रेममधून जमेल तितकं बाहेर ठेवा, पांढरं सपाट आभाळ फोटोला भोक पाडतं.

फ्रेम: डोकं कुठे येतंय ते बघा

बेटावरच्या फोटोत क्षितिज जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये घुसतं आणि नेमकं कुणाच्या तरी मानेतून जातं. रंगीत फोटोत सावळा चेहरा निळ्या पाण्यापुढे आपोआप सुटा दिसतो, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये दोन्ही करडे, डोकं समुद्रात विरघळून जातं. उपाय सोपा पण अंगमेहनतीचा: खाली बसा म्हणजे डोकं फिक्या आभाळावर येईल, किंवा चार पायऱ्या वर चढा म्हणजे पूर्ण माणूस चमकत्या पाण्यावर नाहीतर वाळूवर येईल. फ्रीजच्या आणखी तीन फ्रेम इथे गेल्या. शेवटची जी जमली ती मी धक्क्याच्या ओल्या पायरीवर बूड टेकवून काढलीय, पँट भिजली, पण चारही डोकी आभाळावर आली.

डोलकाठी डोक्यातून उगवत नाहीये ना, दोर चेहऱ्यावरून जात नाहीये ना, हे बघायची सवय लावा. अर्धवट डोळे मिटून बघितलं की बारीकसारीक तपशील जातात आणि फक्त काळे-पांढरे ठोकळे दिसतात, ते ठोकळे सुटे असतील तर फोटो होईल, एकमेकांत मिसळलेले असतील तर सेन्सर कितीही भारी असू दे, होणार नाही.

आणि एकाच जागी थांबा. एक चांगली पार्श्वभूमी शोधा, एखादी पांढरी भिंत, धक्क्याचा जिना, आणि तिथे तासभर बसून माणसं फ्रेममध्ये यायची वाट बघा, त्यांच्या मागे पळू नका. तुम्ही बसलेले असलात की लोकांना तुमचा त्रास वाटत नाही, हा फायदा वेगळाच.

माणसांना विचारणं

काम चालू असताना मध्येच थांबवून परवानगी मागितली तर काम पण थांबतं आणि फोटो पण जातो. मी कॅमेरा दिसेल असा हातात धरतो, नजर मिळाली की मान हलवतो, समोरून मान हलली की काढतो, नाही म्हणाले की कॅमेरा खाली, विषय संपला, गोड बोलून पटवायला जायचं नाही. काम संपल्यावर जाऊन स्क्रीनवर दाखवायचं. लहान मुलांचे फोटो मोठ्यांना विचारूनच. बुडालेल्या होडीची, हरवलेल्या माणसाची वाट बघणारं घर असेल तर कॅमेरा काढूच नका, कुणी हरकत घेतली नाही तरीसुद्धा.

कायद्याचं पण बघून जा. नौदल, तटरक्षक दल, दीपगृहाचे काही भाग अशा ठिकाणी अनेक देशांत फोटो काढायला बंदी असते. अंदमानात जारवा आदिवासींचे फोटो काढणं हा गुन्हा आहे आणि तिथल्याच नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या जवळपासही जायला मनाई आहे.

एडिट: इथे घाई नको

नुसतं सॅचुरेशन शून्य करून ब्लॅक अँड व्हाईट करू नका. उजळपणा मोजायचं जे नेहमीचं सूत्र आहे त्यात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७ टक्के धरतात, म्हणजे कुठला रंग किती फिका होणार हे सूत्र ठरवतं, तुम्ही नाही. फ्रीजच्या फोटोत एका माणसाचा शर्ट मातकट लाल होता आणि शेजारच्याचा गडद हिरवा, रंगात एकदम वेगळे, सॅचुरेशन काढल्यावर दोघांचं मिळून एकच चार हातांचं धूड झालं.

त्याऐवजी एडिटिंग अॅपमधलं ब्लॅक अँड व्हाईट मिक्स उघडा, प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो. लाल थोडा वर केला, हिरवा थोडा खाली, झाली दोन वेगळी माणसं. बोट निळी होती, निळा खाली नेला तशी ती काळी पडत गेली आणि तिच्यापुढे फ्रीज मस्त उठून आला, मग हावरटपणा केला, मायनस ७० पर्यंत नेला. आभाळ पण निळंच ना, त्याच्यात दाणे उठले, पट्टे दिसायला लागले आणि डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना पांढरी कड उगवली, जणू कुणी खडूने गिरवलीय. निळा स्लायडर मायनस २५-३० च्या पुढे न्यायचा असेल तर १०० टक्के झूम करून छपराच्या आणि काठीच्या कडा तपासा. उरलेला काळेपणा ब्रशने, फक्त बोटीवर.

चेहऱ्यांचा रंग केशरी आणि लाल स्लायडरवर असतो. ते वर ओढले की सावळी माणसं झटक्यात गोरी होतात आणि पुष्कळ जण तिथेच खूश होऊन थांबतात, कृपा करून करू नका. उन्हाने रापलेली, मिठाने सुरकुतलेली कातडी हाच तर त्या फोटोतला माल आहे, ती प्लास्टिक करून काय मिळवलं? उलट केशरी जरा खाली नेऊन बघा, सुरकुत्या, घाम, दाढीचे खुंट, सगळं दिसायला लागतं.

मग उजळवणं आणि काळवंडवणं, डार्करूममध्ये हाताने करायचे तेच. आन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली, ठार काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे टप्पे, ५ म्हणजे मधला करडा. पूर्ण सिस्टिम शिकायची गरज नाही, एवढंच विचारायचं की कुठली वस्तू कुठल्या टप्प्यावर बसवायची. माझ्या फोटोत फ्रीज ८ वर ठेवला म्हणजे पांढरा पण दाराची फट आणि हँडल दिसेल असा, बोटीचं पोट २ वर, चेहरे ४ ते ५ च्या मध्ये. कोपऱ्यात पाण्याचा एक चकाकता तुकडा होता, तो फ्रीजपेक्षा जास्त उजळ होता आणि डोळा सारखा तिकडे पळत होता, त्याला दोन टप्पे खाली दाबला. मागच्या माणसाचे हात उजळवले, कारण सगळं वजन त्याच्यावर आलेलं दिसत होतं. एवढंच, बारा-पंधरा मिनिटांचं काम.

कडक कॉन्ट्रास्ट, कडेने काळी चौकट आणि वरून नकली ग्रेन (फिल्मसारखे दाणे), हे तिन्ही एकदम टाकलं की कुठलाही फोटो पाच मिनिटं भारी वाटतो. फाईल बंद करा, दुसऱ्या दिवशी उघडा, बहुतेक वेळा लाज वाटते.

निवड आणि प्रिंट

चार दिवसात सहज हजारभर फोटो होतात, त्यातले बारा-पंधरा ठेवायचे. घरी आल्यावर लगेच निवडू नका, निदान आठवडाभर जाऊ द्या, नाहीतर ज्या फोटोसाठी जास्त चढलात किंवा जास्त भिजलात तोच चांगला वाटतो. निवडलेल्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि रांग लावा. तीन होड्या, तीन म्हातारे, तीन हात असं झालं असेल तर प्रत्येकी एकच ठेवा. जवळचा, लांबचा, गर्दीचा, रिकामा, असं आलटून पालटून येऊ द्या.

मोठी प्रिंट काढताना स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करूनच एडिट तपासा, नाहीतर प्रिंट हमखास काळपट येते आणि आपण दुकानदाराशी भांडत बसतो. मॅट कागदावर काळा तितका गडद येत नाही, पण काचेशिवाय भिंतीवर लावायचा असेल तर मला तोच आवडतो.

आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांना प्रिंट पाठवायच्याच, बोटीवर पाकीट दिलं तरी पोचतं, बेटावर पत्ता लागत नाही, नाव पुरतं. फ्रीजवाल्यांना मी स्वतः पुढच्या वर्षी नेऊन दिली, चांगल्या कागदावर, ब्लॅक अँड व्हाईट, मोठी. घरातल्या काकांनी ती लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली, मग म्हणाले, "छान आहे हो, पण रंगीत नाहीये का? हिच्या साडीचा रंग दिसला नाही." साडी? मग मी पण नीट बघितलं, धक्क्याच्या टोकाला, खांबाआड, एक बाई उभी होती, फ्रीज येताना बघत, मी वर्षभर तिला खांबाचाच भाग समजत होतो. रॉ फाईल होती म्हणून बरं, घरी येऊन रंगीत प्रिंट काढली आणि बोटीने पाठवून दिली. जांभळी होती साडी.